नव्या सरपंचाचे पहिले काम

नव्या सरपंचाने पहिले काम कोणते हाती घ्यावे, हा ग्रामीण महाराष्ट्रातला बिनभांडवली चर्चेचा विषय आहे. मतमोजणीच्या दिवशी गुलाल उधळला की ही चर्चा सुरू होते आणि कपड्यांवरचा गुलाल निघून गेला तरी संपत नाही. शहापूरहून किन्हवली-मुरबाडच्या दिशेने जाताना लागणारा शेणवा आणि त्याच्या आजूबाजूची गावे-पाडे हा या चर्चेच्या अभ्यासासाठी अतिशय सोयीचा प्रदेश आहे. शहापूर तालुक्यात धरणे आहेत आणि टँकर आहेत, महामार्ग आहेत आणि खड्डे आहेत. त्यामुळे 'पहिले काम' या पदासाठी उमेदवारांची वाण पडत नाही.

नव्या सत्ताधीशाला शंभर दिवसांच्या मापाने मोजण्याची रीत अमेरिकेतून आली. फ्रँकलिन रूझवेल्ट ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्ष झाले आणि पहिल्या शंभर दिवसांत त्यांनी एकामागून एक मोठे कायदे मंजूर करून घेतले. त्याआधीचे प्रसिद्ध शंभर दिवस नेपोलियनचे, १८१५ सालचे. त्यांचा शेवट वॉटर्लूच्या पराभवात झाला, ही बाब हे माप वापरणारे सहसा काढत नाहीत. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाल्यावर सरकारी कार्यालयांना शंभर दिवसांचा कार्यक्रम नेमून देण्यात आला. सरपंचाला हे माप लावताना मात्र तांत्रिक अडचण येते. पहिला महिना सत्कारांत जातो. शाल आणि श्रीफळ प्रत्येक वाडी-पाड्याचे वेगळे असते आणि एका पाड्याची शाल घेऊन दुसऱ्या पाड्याची राहिली, तर पाच वर्षे ती बोलून दाखवली जाते. पुढचे दिवस ग्रामपंचायतीच्या बँक खात्यावरचा सहीचा नमुना बदलण्यात आणि संगणकावरची डिजिटल सही तयार करून घेण्यात जातात. ती सही होईपर्यंत नव्या सरपंचाला खात्यातला एक रुपयाही काढता येत नाही. म्हणजे ज्या काळात गाव त्याच्याकडून सर्वाधिक अपेक्षा करते, त्या काळात तो सर्वाधिक निरुपद्रवी असतो.

सरपंचाने प्रथम काय करावे याआधी सरपंच कोणी निवडावा हा प्रश्न येतो, आणि तो राज्याने पाच वर्षांत तीनदा सोडवला. २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांनी निवडावा असे ठरले, २०२० मध्ये तो पुन्हा सदस्यांनी निवडावा असे ठरले आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. थेट निवडणुकीचा एक परिणाम असा की, सरपंच एका पॅनलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनलचे, असा जोड जमू शकतो. अशा ग्रामपंचायतीत पहिल्या कामाच्या दोन याद्या असतात आणि दोन्हींत एकच गोष्ट समान असते: समोरच्या यादीतले काम पहिले होता कामा नये.

शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे येथील सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि राज्याच्या नियमाप्रमाणे पदांपैकी निम्मी महिलांकडे जातात. दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावातल्या सरपंचाचे मानधन २०२४ मध्ये दुप्पट होऊन दरमहा ६,००० रुपये झाले. या रकमेत त्याने काय काय पाहावे, याची कल्पना राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीवरून येते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. पहिला विषय शेती. पाचवा मत्स्यव्यवसाय. पिण्याचे पाणी अकरावे आहे. म्हणजे यादी क्रमाने घेतली, तर माशांची सोय माणसांच्या बरीच आधी लागते. रस्ते तेरावे आणि जत्रा-बाजार बाविसावे आहेत. म्हशाची यात्रा ज्यांच्या हाकेच्या अंतरावर भरते, त्या मुरबाडकरांना हा बाविसावा क्रमांक मान्य होण्याची शक्यता नाही.

घटनेची यादी कोणी वाचलेली नसली तरी चर्चेचे काही अडत नाही. ती भरते नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, हळदीच्या मांडवात, क्रिकेटच्या सामन्यांच्या मैदानाकडेला आणि आसनगावहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये. हळदीच्या मांडवातली चर्चा सर्वांत मोठ्या आवाजात होते. डीजेपुढे ती तशी करावीच लागते. क्रिकेटच्या मैदानावर ती दोन षटकांच्या मध्ये होते आणि विकेट पडली की धोरणातही बदल होतो.

चर्चेत भाग घेणाऱ्यांचे ढोबळमानाने पाच वर्ग पडतात. पहिला वर्ग माजी सरपंचांचा. आपण सुरू केलेले काम नव्याने प्रथम पूर्ण करावे, असे त्यांचे मत असते. ते काम आपल्याच कारकिर्दीत का राहिले, या प्रश्नाला त्यांच्याकडे 'निधी आला नाही' हे उत्तर तयार असते आणि ते बहुधा खरेही असते. दुसरा वर्ग ठाणे, कल्याण, मुंबईला नोकरीला असलेल्या मंडळींचा. हे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून राज्य चालवतात. ग्रंथालय, व्यायामशाळा, सीसीटीव्ही आणि गावाच्या वेशीवर स्वागत कमान अशी त्यांची यादी असते. कमानीचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण वर्षातून चार-पाच वेळा गावात शिरणारेही तेच असतात. तिसरा वर्ग तरुण मंडळाचा. त्यांना मैदानाचे सपाटीकरण हवे असते आणि ते न झाल्यास गावातील युवाशक्ती वाया जाईल असे ते सांगतात. सपाटीकरण झाल्यावर ती मैदानावर वाया जाते, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे. चौथा वर्ग ठेकेदारांचा. हे चर्चेत फारसे बोलत नाहीत. ते फक्त कोणते काम कोणत्या योजनेत 'बसते' एवढे हळूच सांगतात आणि त्यांचे सांगणे सर्वांत जास्त वेळा खरे ठरते. पाचवा वर्ग बायकांचा. नाक्यावरच्या चर्चेत तो नसतो, कारण त्या वेळी तो विहिरीवर असतो.

मागण्यांचेही वर्गीकरण करता येते आणि त्यामागे एक साधा नियम दिसतो: मागणीचा जोर हा मागणाऱ्याच्या दारापासून कामाच्या जागेपर्यंतच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. दारासमोरचे गटार ही गावाची समस्या असते, पलीकडच्या आळीतले गटार ही त्या आळीची समस्या असते आणि पाड्यावर गटार नसणे ही पाड्याची परंपरा असते. पथदिव्याच्या खांबाला हा नियम सर्वांत काटेकोरपणे लागू होतो. दिवा नेमक्या कोणत्या घरापुढे लागावा यावर रात्र-रात्र चर्चा होते, तीही अंधारात. हायमास्ट दिव्याने हा वाद मिटेल असे वाटले होते, कारण तो एकाच जागी उभा राहून सगळीकडे उजेड पाडतो. मग हायमास्ट कोणत्या देवळापुढे उभा करावा, हा वाद सुरू झाला.

काही मागण्या सरपंचाच्या अधिकारापलीकडच्या असतात, पण त्या केल्या जातातच. शहापूर-मुरबाड-खोपोली हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५४८ अ आहे. त्यावरच्या खड्ड्याशी ग्रामपंचायतीचा कायदेशीर संबंध येत नाही, पण खड्ड्यात आदळणारा माणूस राष्ट्रीय खड्डा आणि गावखड्डा असा भेद करत नाही. तो सरपंचाला फोन करतो. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो आणि त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्या रस्त्याने नागपूर आठ तासांवर आले. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळी करून खाली आणावे लागते, असे पाडेही याच तालुक्यात आहेत. नागपूरला जाण्याची तातडी कोणाला नसली तरी गावच्या चर्चेत हा आठ तासांचा आकडा अभिमानाने सांगितला जातो, आणि लगेच पाड्याच्या रस्त्यावर मुरूम टाकण्याची मागणी पुढे येते.

एवढ्या मतभेदांत एका गोष्टीवर मात्र सर्व वर्गांचे एकमत असते: पहिले काम पाणी. माजी सरपंच, नोकरदार, तरुण, ठेकेदार आणि बायका यांपैकी कोणीही याला विरोध केल्याचे ऐकिवात नाही. नेमके इथेच घोडे पेंड खाते. ज्यावर एकमत असते त्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही, म्हणून चर्चा थेट दुसऱ्या क्रमांकाच्या कामावर जाते आणि तिथेच रमते. पाण्याची मागणी करण्यात कोणाला वेगळे श्रेय मिळत नाही. कमानीची मागणी करणारा मात्र कमानीखालून जाताना ओळखला जातो. त्यामुळे पाणी हा सर्वांचा पहिला आणि कोणाचाच खास नसलेला विषय राहतो.

पाण्याची स्थिती समजण्यासाठी थोडी आकडेवारी आवश्यक आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे आणि त्यातला ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसाचा आहे. भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवणारा तानसाही याच तालुक्यात आहे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे असे मानक आहे. गावांसाठी १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. ते २०२४ पर्यंत गाठायचे होते आणि नंतर मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. टंचाईत टँकर लागला की हिशेब माणशी २० लिटरचा होतो. असे हे १३५, ५५ आणि २० यांचे त्रैराशिक आहे, आणि ज्या तालुक्यात धरण आहे त्याच तालुक्याच्या वाट्याला एप्रिल-मेमध्ये त्यातला शेवटचा आकडा येतो.

याचे कारण केवळ अन्याय असे सांगून भाषण पूर्ण होते, पण उत्तर पूर्ण होत नाही. धरणे दऱ्याखोऱ्यांत, खाली आहेत. तहानलेली गावे आणि पाडे डोंगरउतारावर, वर आहेत. पाणी उताराने मुंबईकडे जाते. वर चढवायचे तर पंप, वीज आणि विजेचे बिल लागते. बिल पाणीपट्टीतून भरायचे असते आणि पाणीपट्टी भरण्याबाबत पहिल्या क्रमांकाचे एकमत दिसत नाही. शिवाय येथला कातळ पावसाचे पाणी धरून ठेवत नाही. चार महिने धो धो कोसळलेला पाऊस ओढ्यांतून निघून जातो आणि होळीनंतर विहिरी तळ दाखवतात. म्हणूनच शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांसाठी शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखली गेली. भावली घाटमाथ्यावर आहे, तिथून पाणी उताराने येऊ शकते. स्वतःची धरणे मुंबईला देऊन शेजाऱ्याकडे हंडा घेऊन जाणे, हे भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे. ते नाक्यावर समजावून सांगणे हे काम मात्र कोणत्याही अनुसूचीत दिलेले नाही.

या सगळ्यात सरपंचाच्या हाती किती असते? २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधीही थेट मिळतो. कागदावर पाहता पाण्याला पैसा आहे. पण या पैशात हातपंप दुरुस्त होतो, फुटलेली वाहिनी बदलते, विहिरीला कठडा बसतो. गावाला बारमाही पाणी देणारा स्रोत निर्माण करणे त्यात बसत नाही. स्रोत जिल्हा परिषदेच्या, जीवन प्राधिकरणाच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या फायलीत असतो. त्यामुळे सरपंचाच्या दृष्टीने पाणी हे काम नसून पत्रव्यवहार आहे. पत्राचे उद्घाटन करता येत नाही, त्यावर नारळ फुटत नाही आणि फलकावर 'पत्र पाठवले, जावक क्रमांक अमुक' असे लिहून फोटोही लावता येत नाही. उलट पेव्हर ब्लॉक आठवड्यात बसतात, लाल-पिवळे दिसतात आणि त्यांच्यावर उभे राहून फोटो चांगला येतो.

औपचारिक निर्णय ग्रामसभेत होतो. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या आहेत. देशाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या निर्दोष आहेत. शेणव्याच्या भातशेतीच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही. जानेवारीत कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि राहिलेले क्रिकेटच्या सामन्यांना असतात. एक मेच्या सुमारास लग्नसराई असते. त्या दिवशी गावात माणसे भरपूर असतात, पण ती मांडवात असतात. ऑगस्टमध्ये आवणी उरकून शेतात बेणणी चालू असते. ऑक्टोबरच्या तोंडावर हळवे भात कापणीला येते. गणपूर्तीसाठी मतदारांची ठरावीक किमान उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे गावाचे बरेचसे भवितव्य, पहिल्या सभेला न आलेल्यांच्या कृपेने, दुसऱ्या सभेला आलेल्या थोड्यांनी ठरवलेले असते. न आलेले पुढे पाच वर्षे 'आम्हाला कोणी विचारलेच नाही' असे म्हणत राहतात.

सभेपुढे विकास आराखडा येतो. आराखड्यासाठी आता नऊ संकल्पना ठरवून दिल्या आहेत: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, त्यानंतर पाण्याने समृद्ध गाव, आणि पुढे स्वच्छता, सुविधा, सामाजिक सुरक्षा, सुशासन व महिलास्नेही गाव. म्हणजे घटनेत अकरावे असलेले पाणी इथे चौथ्या क्रमांकावर आले आहे. प्रगती झाली नाही असे म्हणता येणार नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर भरावा लागतो. रेंज नसलेल्या ठिकाणी तो ग्रामपंचायत अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी बसून भरतात. घाईत मागच्या वर्षाचीच यादी पुन्हा भरली गेली, तर त्यात फारसे कोणाचे नुकसान होत नाही, कारण मागच्या वर्षाची कामे तशीही बाकी असतात.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिचा ठराव बहुधा एका ओळीचा असतो आणि त्यात पाणी असते. त्या सभेत कमान, सीसीटीव्ही आणि हायमास्ट यांची चर्चा होत नाही. विहिरीत टँकर रिकामा झाल्यावर पोहऱ्याने पाणी ओढणाऱ्या बाईला धोरणाचा प्राधान्यक्रम समजावून द्यावा लागत नाही. ठराव वाचला जातो, सर्वानुमते मंजूर होतो आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे पेव्हर ब्लॉककडे वळते.

मग प्रत्यक्षात पहिले काम कोणते होते? कायद्याने पहिल्या बैठकीत उपसरपंचाची निवड होते, त्यामुळे पहिले काम नेहमी उपसरपंच हेच असते. दुसरे काम कार्यालयातल्या नावांच्या फलकावर नवे नाव रंगवण्याचे. तिसरे काम निधी, ऋतू आणि उपलब्ध ठेकेदार हे तिघे मिळून ठरवतात. मार्चअखेर आली असेल तर निधी संपवणे तातडीचे होते आणि जे काम पंधरा दिवसांत उरकेल ते सर्वांत महत्त्वाचे ठरते. काँक्रीट हे पंधरा दिवसांत उरकते. म्हणून अंतर्गत रस्ता होतो.

येथेच क्रमाला खरे महत्त्व येते. नळयोजनेची वाहिनी जमिनीखालून जाते आणि रस्ता जमिनीवर असतो, एवढा भेद लक्षात घेतला तरी आधी काय आणि नंतर काय हे उघड आहे. पण रस्त्याचा निधी आधी आला आणि नळयोजनेची मंजुरी नंतर आली, तर नवे काँक्रीट फोडून वाहिनी टाकली जाते, चर बुजवण्याचे राहून जाते आणि त्याच चरात पावसाचे पाणी साचते. अशा रीतीने गावात पाणी येतेच, फक्त ते नळाला येत नाही. मग चर बुजवण्याची मागणी पुढे येते आणि तिला रस्त्याच्या दुरुस्तीखाली पुन्हा निधी मिळतो. चर्चेतला कोणताही वर्ग या क्रमाबद्दल बोलत नाही. सगळे काय करावे यावर भांडतात. कशानंतर काय करावे, हा प्रश्न अनाथ राहतो. खरे म्हणजे त्याचे उत्तर फार लांब नाही: आधी स्रोत, मग टाकी, मग वाहिनी, मग विजेच्या बिलाची सोय आणि शेवटी रस्ता. या यादीत कमानीला जागा आहे, सगळे झाल्यावर.

जे सरपंच हा क्रम पाळतात, त्यांची पहिली दोन वर्षे 'काहीच केले नाही' या शेऱ्यात जातात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही, ही कायद्यातली तरतूद बहुधा अशाच सरपंचांच्या उपयोगाची आहे. त्या काळात पत्रे जातात, पाहणी होते, अंदाजपत्रक बनते, लोकवर्गणी मागावी लागते आणि लोकवर्गणी मागणारा सरपंच कोणालाही आवडत नाही. ज्यांनी पेव्हर ब्लॉक बसवले त्यांचे फोटो तोवर नाक्यावरच्या फलकावर दोनदा बदललेले असतात.

पाच वर्षांनी मुदत संपते. पुढच्या आरक्षणाची सोडत निघते, पॅनल नव्याने बांधली जातात आणि पत्रके छापायला शहापूरला जातात. पत्रकांवर चिन्हे वेगळी असतात, फोटो वेगळे असतात आणि वचनांचा क्रम दोन्हीकडे सारखाच असतो: क्रमांक एकवर पाणी. त्यावर कोणाचा आक्षेप नसतो, म्हणून त्याखालच्या ओळींवर प्रचार रंगतो.